रॉडनीची खारींची बंदूक

डेन्झिल कटलिपने उभा जन्म दांडे वळण्यात घालवला. कुऱ्हाडीचे, हातोड्याचे, फावड्याचे. हिकरीच्या लाकडातला सरळ रेषांचा तुकडा निवडायचा, लेथवर चढवायचा आणि हाताला कुठे टोचणार नाही इतका वळवायचा. दांड्याला बारीकशी चीर दिसली की तो दांडा बाजूला फेकी. कारखान्यातले काही जण चिरेत सरस भरून वरून मेण घासत. डेन्झिलने ते कधी केलं नाही, फोरमन ओरडला तरी नाही. दांडा तुटतो तेव्हा तो कुणाच्या तरी हातात असतो, एवढंच तो म्हणे.

कारखाना बंद पडला त्यालाही बरीच वर्षं झाली होती. वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या खोऱ्यातल्या घरी आता डेन्झिल आणि त्याची बायको ओपल, दोघंच उरली होती. घर चढावर. ओपलचे गुडघे गेलेले. मुलगी ट्रीना न्यू जर्सीत राहायची. तिने समुद्राजवळ, म्हाताऱ्या माणसांच्या वसाहतीत, एकही पायरी नसलेलं घर शोधून काढलं. ओपलला वाटलं होतं, डेन्झिल महिनाभर भांडेल. तिने विषय काढला तेव्हा तो मक्याची भाकर कुस्करून बीन्समध्ये घालत होता.

"जाऊ या," तो म्हणाला. मीठ इकडे दे म्हणावं तसं.

मुलगा गेल्यापासून तो सगळ्यालाच हो म्हणत असे. दोन हिवाळ्यांपूर्वी रॉडनीचा ट्रक बर्फावरून घसरून नदीत गेला. रॉडनी चाळिशी ओलांडलेला, एकटा राहणारा माणूस होता. डेन्झिल गेला, चेहरा पाहिला, हो म्हणाला, सही केली, घरी आला आणि सरपण फोडायला लागला. दुसऱ्या दिवशीही फोडलं. दफन झालं, लोक जेवून गेले, आणि तो परत कुऱ्हाड घेऊन उभा राहिला. ते सरपण अजून संपलं नव्हतं. रडताना त्याला कुणी पाहिलं नाही. लपून रडला असंही नाही. स्वतःच्या आत हात घातला तर काही लागत नव्हतं.

सामान बांधायला घेतलं तेव्हा ट्रीनाचा फोन आला.

"डॅडी, बंदुका तशाच गाडीत टाकून आणू नका. इथलं वेगळं आहे. आधी विचारा."

"बंदुकीचं काय विचारायचं असतं?"

"डॅडी."

"बरं."

त्या खोऱ्यात बंदूक शिडीसारखी होती. दाराआड उभी असायची. शेजाऱ्याला लागली तर तो घेऊन जायचा, आणि नाही आणून दिली तर आपण जाऊन आणायची. माणूस मेला की ती कुणाकडे जाणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असे. कागद कुणी पाहिला नव्हता.

डेन्झिलकडे तीन होत्या. हरणांची रायफल. बापाची दुनळी. आणि तिसरी रॉडनीची, पॉइंट बावीसची. पेन्सिलीएवढ्या जाड गोळ्या घेणारी, खारी मारायची. सप्टेंबरात खारींचा हंगाम उघडला की बापलेक अंधार विरायच्या आत हिकरीच्या झाडांखाली जाऊन बसत. तिच्या नळीखाली दुसरी बारीक नळी होती. तिच्यातली पितळी सळई वर ओढून बाहेर काढायची, भोकातून गोळ्या एकेक करून सोडायच्या, सळई परत आत सारायची. दोन्ही हात गुंतलेले असत, म्हणून रॉडनी ती सळई दातात धरायचा. बारा वर्षांचा होता तेव्हाही आणि टक्कल पडलं तेव्हाही.

"दातात धरू नकोस," डेन्झिल दर वेळी म्हणायचा.

"मग कुठे धरू?" रॉडनी दर वेळी म्हणायचा, दात न उघडता.

पितळेवर दातांचे खड्डे पडले होते.

हॉबर्टच्या दुकानात कोंबड्यांचं खाद्य, खिळे, पेपरोनी घातलेले पाव आणि बंदुका एकाच छपराखाली मिळत. निम्म्या गिऱ्हाइकांची पोरं परराज्यात गेलेली, त्यामुळे कुठे काय चालतं हे हॉबर्टला शिकून घ्यावं लागलं होतं. डेन्झिलने तिन्ही बंदुका काउंटरवर ठेवल्या. शेजारची आर्डिथ हॅमरिक खाद्याच्या पोत्यावर बसून पाव खात होती. नवरा गेल्यावरही बाई एकटीने मळा राखून होती.

"हरणांची जाईल," हॉबर्ट म्हणाला. "दुनळीही जाईल. तिथे पोचलास की मुदतीत ठाण्यात नोंद करायची, कार्ड काढायचं. गाडीत नेताना रिकामी, कुलूपबंद, मागच्या डिकीत. वाटेत काकूंकडे दोन दिवस मुक्काम वगैरे नाही. सरळ जायचं." मग त्याने बावीसची उचलली आणि परत खाली ठेवली. "ही नाही."

"ही?"

"ही."

"हॉबर्ट, ती पोराची बंदूक आहे. हिने खार मरते, तीही डोक्यात बसली तर."

"नळीत गोळ्या किती जातात?"

"गच्च भरली तर सतरा."

"तिथे दहाच्या वर नाही. आपोआप पुढची गोळी घेणारी, नळी बंदुकीलाच जोडलेली, आणि दहाच्या वर. कागदावर ही लष्करी बंदुकांच्या रांगेत बसते."

डेन्झिल बंदुकीकडे बघत राहिला. दस्त्यावर रॉडनीने लहानपणी खिळ्याने कोरलेला 'आर' होता, उलटा पडलेला.

"खारींना कळवायला पाहिजे कुणीतरी," आर्डिथ म्हणाली. "बिचाऱ्या युद्धात होत्या आणि त्यांना पत्ता नाही."

"सापडली तर?" डेन्झिलने विचारलं.

"तुरुंग. घाबरवत नाहीये. मला माहीत नव्हतं म्हणून सुटका नाही."

"ओपल तुला तुरुंगात डबा आणणार नाही हं," आर्डिथ म्हणाली. "तिचे गुडघे गेलेत."

डेन्झिलने तिन्ही बंदुका उचलल्या आणि घरी आला. सकाळी त्याला उपाय सुचला. त्या खोऱ्यातला कुठलाही माणूस हाच उपाय काढेल. बदकांच्या शिकारीला तीनच्या वर काडतुसं बंदुकीत भरता येत नाहीत, म्हणून लोक जागा अडवायला नळीत लाकडाची काडी घालतात. वनरक्षक येतो, काडतुसं भरून बघतो, मान हलवतो आणि जातो. तीनासाठी काडी चालते तर दहासाठी का नाही?

त्याने जुना मोडका दांडा शोधला. लेथ राहिला नव्हता, म्हणून चाकूने तासून, मग काचेच्या तुकड्याने खरवडून, मग सँडपेपरने घासून काडी केली. पहिली जाड झाली. दुसरी टोकाला वाकडी निघाली, ती फेकली. तिसरी आत गेली आणि मधेच अडली. ती बाहेर काढायला जेवणाची वेळ टळून गेली. चौथी बसली. गोळ्या घालून पाहिल्या. दहा गेल्या, अकरावी गेली नाही. परत काढून परत भरल्या, तेच. चांगलं काम होतं. काम झालं की पूर्वी आत काहीतरी सैल व्हायचं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग झाडू घेऊन भुसा गोळा केला.

ओपल दारात येऊन उभी राहिली. "दिवसभर काय चाललंय?"

"कायद्यात बसवतोय."

"त्यांना विचारलंस का, काडी चालते का?"

"बदकांना चालते."

"बदकं न्यू जर्सीच्या पोलिसात नाहीत, डेन्झिल."

म्हणून त्याने तिथल्या ठाण्यात फोन लावला. दोनदा कुणी उचलला नाही, एकदा भलत्याच माणसाला जोडला. शेवटी पेलेग्रिनो नावाच्या सार्जंट बाई फोनवर आल्या. त्याने सगळं नीट सांगितलं. लाकूड कुठलं तेही सांगितलं.

"काडी निघते का, मिस्टर कटलिप?" बाईंनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. काडी बघायला बाई इतक्या लांब येणार नव्हत्या. डेन्झिलने हातातल्या काडीकडे पाहिलं.

"निघते."

"कशाने?"

"बोटाने."

"मग ती असून नसल्यासारखी."

"बदकांच्या बंदुकीला..."

"ते शिकारीचे नियम. बदकांना इथेही चालते. हे निराळं. नळी कायमची बंद केली, पुन्हा कुणाला उघडता येणार नाही अशी, बंदुकीच्या कारागिराकडून, तसं लिहून घेऊन, आणि राज्यात आणायच्या आधी, तर गोष्ट वेगळी. तरी मी तुमच्या जागी असते तर आणली नसती."

"बरं."

"तुम्ही विचारलंत ते चांगलं केलंत. बरेच जण विचारत नाहीत, मग मला त्यांच्या घरी जावं लागतं." मग म्हणाल्या, "तुम्हाला इथे आवडेल. समुद्र आहे."

"असेल," डेन्झिल म्हणाला.

हॉबर्टला कारागिरी येत होती. आतली पितळी सळई कापून आखूड करायची, बाहेरची नळी ठोकून चेपायची, वरून पक्का सरस ओतायचा.

"मग चालेल का ती?"

"चालेल. खुरडत."

"सरस," डेन्झिल म्हणाला.

"सरस."

"नको."

हॉबर्टने आग्रह केला नाही. "मग इथेच कुणाला तरी दे. पण जायच्या आधी दे. एकदा तू जर्सीचा झालास की इथल्या माणसाच्या हातात नुसती ठेवता येणार नाही. दोन राज्यांचा मामला होतो, परवान्याच्या दुकानातून जावं लागतं, अर्ज, चौकशी, सगळं. आज तू इथला आहेस. आज नुसती देऊ शकतोस."

आपण आज इथले आहोत, या गोष्टीवर डेन्झिल घरापर्यंत विचार करत गेला. विचार पुढे सरकला नाही.

कुणाला द्यायची हा प्रश्न होता. ट्रीनाला बंदूक नको होती. हॉबर्टने भिंतीवर लावली असती, मग कुणीतरी विकत मागितली असती. निघायच्या आदल्या दिवशी आर्डिथ निरोप घ्यायला आली आणि व्हरांड्यातल्या खोक्यांवर टेकली.

"ती युद्धातली बंदूक मला दे," ती म्हणाली. "माझ्या शेडखाली मांजराएवढा ग्राउंडहॉग बिळं करून बसलाय. अख्खी बीन्सची ओळ खाल्ली. माझ्याकडे बघत बघत खातो."

"तुला दिसतो का नीट?"

"दिसतो. ऐकू कमी येतं. बंदुकीला तेच बरं."

डेन्झिलने दुसऱ्या खोक्याची दोरी आवळली.

"एक सांगते. जपून बिपून ठेवणार नाही मी. पावसात भिजेल, चिखलात पडेल. भिंतीवर टांगून फुलं वाहायची असतील तर दुसरं माणूस बघ."

तो आत गेला. बंदूक पुसून, तेल देऊन ठेवलेलीच होती. त्याने बोटाने काडी काढली, शर्टाच्या खिशात टाकली आणि बंदूक बाहेर आणून आर्डिथच्या हातात दिली. कागद नाही, सही नाही. आर्डिथने उलटसुलट करून पाहिली, तोंड अंगणाकडे केलं, दस्ता काखेत धरला. सळई ओढून बाहेर काढली. दुसऱ्या हाताने एप्रनच्या खिशातून मूठभर गोळ्या काढल्या. हात संपले, तेव्हा सळई दातात धरली.

"दातात धरू नकोस."

आवाज मोठा निघाला. स्वयंपाकघरात ओपल कपांना वर्तमानपत्र गुंडाळत होती, कागदाची खसखस थांबली.

"मग कुठे धरू?" आर्डिथ म्हणाली, दात न उघडता.

इतकी वर्षं या प्रश्नाला डेन्झिलकडे उत्तर नव्हतं. दर वेळी तो नुसता बोलायचा आणि पोरगा नुसता हसायचा, आणि मग दोघं झाडांकडे बघत बसायचे. त्याने हात पुढे केला.

"दे इकडे. मी धरतो."

आर्डिथने तोंड उघडलं. सळई त्याच्या तळहातावर आली, ओली. ती गोळ्या सोडत गेली, एकेक, आणि तो सळई धरून उभा राहिला. अंगठ्याखाली खड्डे लागत होते. त्याने अंगठा हलवला नाही. नळी भरली तेव्हा आर्डिथने हात पुढे केला, आणि त्याने द्यायला जरा उशीर केला. तिने घाई केली नाही. एरवी केली असती.

"इतकंच तर होतं," तो म्हणाला.

"काय इतकंच?"

"काही नाही. सळई घट्ट फिरव, नाहीतर पडते."

दुसऱ्या दिवशी ते निघाले. दोन बंदुका रिकाम्या, कुलूपबंद, डिकीत. वाटेत फक्त पेट्रोलला आणि ओपलच्या गुडघ्यांसाठी थांबले. सरपण आर्डिथ घेऊन जाणार होती. नव्या घरात सगळं एका पातळीवर होतं. मुदतीत डेन्झिल ठाण्यात गेला, दोन्ही बंदुकांची नोंद केली, ठसे दिले. सार्जंट पेलेग्रिनोंनी स्वतः येऊन हात मिळवला. बंदुका कपाटात ठेवल्या. समुद्र पाहिला. मोठा होता.

ओपलने कपडे धुताना त्याच्या खिशातली काडी काढली आणि खिडकीच्या चौकटीवर ठेवली. कशाची ते तिने विचारलं नाही.

मळ्याचे दिवस सुरू झाले तेव्हा आर्डिथचा फोन आला. ऐकू कमी येत असल्यामुळे ती ओरडूनच बोलत होती.

"गेला ग्राउंडहॉग. तिसऱ्या गोळीला. दोन शेडला लागल्या."

"बरं."

"बंदूक चांगली आहे रे. सरळ मारते."

"सळई?" डेन्झिलने विचारलं, मग मोठ्याने परत विचारलं.

"दातात," आर्डिथ म्हणाली. "इथे धरायला कोण आहे?"

"बरं," तो म्हणाला, आणि तिने फोन ठेवल्यावरही तो कानाशी धरून उभा राहिला.