घोंगडीवरची काजळी

मुरबाडच्या फौजदारांनी घोंगडी माझ्या टेबलावर पसरली. काळी, जाड, रक्ताने कडक झालेली. मध्ये भोक.

"आरोपी म्हणतो, डुकराच्या शिकारीत चुकून गोळी लागली," ते म्हणाले. "माळाच्या पलीकडून बार काढला, धुक्यात डुक्कर वाटलं. खरं की खोटं, एवढंच सांगा."

घोंगडी मेलेल्या बाळूच्या अंगावरची. तो कातकरी वाडीतला मजूर. मारणारा त्याच गावचा जमीनदार. त्याने चोरून साग तोडल्याचं बाळूने जंगलाच्या गार्डला सांगितलं होतं, असं बाळूची बायको सोमी सांगत होती. पाहणारं कोणी नव्हतं.

मी तेव्हा मुंबईला, गुन्ह्यांचे पुरावे तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत फोटोग्राफर होतो. बंदूक ठासणीची, नळीत दारू ठासून भरायची होती. तिच्या दारूचा धूर फार. जवळून झाडली तर भोकाभोवती काजळी बसते, लांबून झाडली तर नाही. पांढऱ्या सदऱ्यावर ती कोणालाही दिसते. काळ्या लोकरीवर कशी दिसणार?

त्यासाठी इन्फ्रारेड फिल्म असते. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश ती टिपते. त्या प्रकाशात काळी लोकर फिकट दिसते, काजळी मात्र काळीच राहते.

प्रयोगशाळेचे साहेब कुरकुरले, "ती फिल्म परदेशातून येते. घोंगडीवर घालवणार?"

"दुसरा पुरावा नाही, सर."

पहिला फोटो धूसर आला. या प्रकाशाचा फोकस किंचित सरकवून घ्यावा लागतो, तो माझा कमी पडला होता. दुसरा डार्करूममध्ये धुताना फिकट लोकरीवर काळं कडं हळूहळू वर आलं.

पण कडं म्हणजे नेमकं किती जवळ? फौजदारांनी जवळच्या म्हसा गावच्या जत्रेतून तशीच घोंगडी आणवली. मुरबाडला माझ्यासमोर तिचे तुकडे बांधून त्याच बंदुकीचे, तीच दारू भरून, वेगवेगळ्या अंतरांवरून बार काढले. सोमी कुंपणाशी येऊन उभी होती. दर बाराला डोळे मिटत होती. शेवटी म्हणाली, "नवी व्हती ना, सायेब? कापलीत कशाला? पोरांना थंडीची झाली असती."

मी एकेका तुकड्यावर अंतर लिहू लागलो.

तुकड्यांच्या तशाच फोटोंत बाळूच्या घोंगडीसारखं कडं हातभर अंतरावरूनच उमटलं. माळापलीकडून काहीच नाही.

ठाण्याच्या कोर्टात फोटो दाखवले, आणि आरोपीच्या वकिलाने पवित्रा बदलला. म्हणे बाळूच अंगावर धावून आला, झटापटीत बंदूक उडाली.

"असं झालंच नाही, हे तुमचा फोटो सांगतो का?" त्याने मला विचारलं.

"नाही."

खुनाचा आरोप टिकला नाही. थोडक्या वर्षांची शिक्षा झाली.

बाहेर सोमी माझी वाट पाहत होती. "काय ठरलं, सायेब?"

"जवळून मारलं, हे ठरलं."

"त्ये मला ठाव व्हतं," ती म्हणाली आणि एसटीच्या दिशेने चालू लागली.

फोटो अंतर सांगतो. मारणाऱ्याच्या मनात काय होतं, ते दाखवणारी फिल्म माझ्या नोकरीत तरी कधी आली नाही.