गाण्यात गाळलेलं नाव

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत मी ब्लाउज शिवते. नवरीचं ब्लाउज शिवायला आलं की त्याच्याबरोबर एक उखाणा मोफत, ही माझी जुनी रीत. हल्लीच्या मुलींना गळा किती खोल हवा ते सुताच्या हिशेबाने सांगता येतं, पण चार ओळींत गुंफून नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली की त्यांची दातखीळ बसते. मग मी मापं घेता घेता विचारते, मुलगा काय करतो, खायला काय आवडतं, चिडतो का. बाही जोडून होईपर्यंत उखाणा तयार असतो. एकदा एका मुलीनं माझा उखाणा घेतला आणि सासूने लगेच विचारलं, कुठून शिवून आणलास? मला ती पावतीच वाटली.

माझं स्वतःचं लग्न मात्र बिनयमकाचं. आमचे हे गिरगावातल्या एका वाचनालयात तीस वर्षं ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसले. पाटी वाचकांसाठी होती, मनावर घेतली ह्यांनी. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने ह्यांनी माझं नवं नाव लिहिलं, तेही इतकं सुरेख की भटजींनी ताट हलवू दिलं नाही. त्या दिवशी माझं माहेरचं नाव संपलं. वडील गेल्यावर त्या नावाने हाक मारणारं कुणी राहिलं नाही, आणि वाडीत तर ते कुणाला ठाऊकच नाही. बरं, इतक्या हौसेने लिहिलेल्या नव्या नावाने तरी ह्यांनी हाक मारावी? तेही नाही. ‘ऐकलंस का’, बस. मी ऐकायला उभी राहायची आणि पुढे काय सांगायचं ते हे विसरून जायचे.

आमचा मुलगा रॅप करतो. इंजिनिअर झाला, लोअर परळला एसी ऑफिसात बसतो आणि सुट्टीच्या दिवशी गाण्यातून सांगतो की आपण गटारातून वर आलो.

“अरे, अजून तुला वाटीत साय काढून ठेवते मी. कुठलं गटार?”

“आई, ते फीलिंग असतं गं. तुला नाय कळणार.”

गाण्यात हा वाघ असतो. घरात गॅलरीतून कबूतर आत आलं तर बापाच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो. दोन वर्षं त्याची गाणी त्याच्या तीन मित्रांनी आणि मी ऐकली. मी आई म्हणून ऐकली, मित्रांचं मला माहीत नाही.

त्या संक्रांतीला समोरच्या वहिनींकडे हळदीकुंकू होतं. समोरच्या वहिनी म्हणजे आमच्या वाडीचं आकाशवाणी केंद्र. जायच्या आधी मी काळी साडी नेसून ह्यांच्यासमोर तीनदा विचारलं, बरी दिसते का? ह्यांनी पेपरचं पान उलटलं. मी तशीच तणतणत गेले. तिथे बायकांनी “नाव घ्या, नाव घ्या” म्हणून धोशा लावला आणि माझ्या तोंडून हे निघालं:

चांदीच्या वाटीत केशराची काडी,
तीस वर्षं चालवते बिनहॉर्नची गाडी;
ना हूं, ना चूं, ना हसणं, ना राग,
अमुकरावांचं नाव घेते, आता तरी जाग!

अमुकच्या जागी अर्थातच ह्यांचं नाव होतं. बायका इतक्या हसल्या की वहिनींच्या हातातली कुंकवाची कोयरी सतरंजीवर सांडली. दारात तिळगूळ खात उभा असलेला माझा मुलगा मात्र हसला नाही. तो म्हणाला, “आई, हे मला दे.”

दुसऱ्या दिवशी त्याने घरातल्या सगळ्या गोधड्या काढल्या, कपाटाला आणि खिडकीला टांगल्या, आणि मला मधोमध बसवून तोंडासमोर माइक धरला. मला एक ओळ धड येईना. मशीनवर पाय चालल्याशिवाय माझं तोंड चालत नाही, ही सवयच आहे. शेवटी तो कंटाळून म्हणाला, “चालव बाई तुझं मशीन.” मी मशीनवर बसले, खटखट सुरू झाली आणि उखाणा एका दमात बाहेर पडला. नंतर तो मशीनचा आवाज काढायला बसला, तर म्हणे त्याच्याशिवाय गाण्यात दमच उरत नाही. असा माझ्या पायमशीनचा बीट झाला. मधल्या जागेत त्याने स्वतःच्या गटाराच्या सोळा ओळी घातल्या.

हे पलंगावरून सगळं ऐकत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, “नाव काढ.”

मुलगा म्हणाला, “बाबा, नाव काढलं तर उखाणा कसला?”

“नाव काढ,” हे पुन्हा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता बोलले, “आधी राव म्हणायचं आणि मग जाग? चारचौघांत अरे-तुरे?” ह्यांच्या मानाने हे भाषणच होतं. पण ‘राग’ला यमक तेवढंच जमत होतं आणि शिवलेली शिवण मी सहसा उसवत नाही. तेव्हा ‘जाग’ राहिलं आणि नाव गेलं. नावाच्या जागी मुलाने नुसता मशीनचा एक ठोका ठेवला. खट्.

त्या खट्ने घात केला. गाणं मोबाईलवर टाकल्यावर आठवडाभर शांतता होती. मग शीवच्या एका बाईने स्वयंपाकघरात उभं राहून माझा उखाणा लावला आणि खट्च्या जागी आपल्या नवऱ्याचं नाव ठणकावून घातलं. मागे नवरा लुंगीत चहा पीत होता. त्याला पत्ताच नव्हता. ते बघून दादरच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापिकेने केलं, मग लालबागच्या पापलेट विकणाऱ्या मावशींनी कोयता हातात धरून केलं. मग काही विचारू नका. ज्या ज्या घरी न बोलणारा नवरा होता, म्हणजे घरोघरी, तिथे ते गाणं शिरलं. वरातीत बँडवाले वाजवायला लागले. बँड खट्पाशी थांबायचा आणि सगळी वरात नवरदेवाचं नाव ओरडायची.

माझ्या मुलाच्या सोळा ओळी कुणी ऐकल्या नाहीत. बायका उखाणा संपला की गाणं तोडायच्या. एकीने खाली लिहिलं होतं, ‘गाणं छान, पण मध्ये तो मुलगा का ओरडतो?’ तो दोन दिवस जेवला नाही नीट. तिसऱ्या दिवशी त्याला एका मोठ्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं, ‘आईंना घेऊन या’ अशा अटीवर.

मी हवेत होते, खोटं कशाला बोलू? ब्लाउजं टाकायला येणाऱ्या मुली माझ्याबरोबर फोटो काढायच्या. ह्यांच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

बाकी जग काही म्हणो, आमच्या वाडीला खट्च्या जागी कुणाचं नाव आहे ते पक्कं ठाऊक होतं. हे भाजी आणायला उतरले की भाजीवाला मेथीची जुडी वर करून म्हणायचा, “काय काका, आता तरी जाग!” चौपाटीवर सकाळी ह्यांच्याबरोबर फिरणारे तिघे म्हातारे ह्यांना लांबून बघूनच हॉर्न वाजवल्यासारखा आवाज काढायचे. ह्यांनी फिरायला जाणं सोडलं. मग वाचनालयात पेपर वाचायला जाणंही सोडलं. तिथे नवीन आलेली मुलगीसुद्धा गालात हसली म्हणे.

घरात हे बोलत नव्हते. तसे कधीच बोलत नव्हते, पण आता त्या न बोलण्याची जात बदलली होती. चहाचा कप स्वतः विसळून ठेवायला लागले. वाढलं की “पुरे, थँक यू” म्हणायला लागले. तीस वर्षांत ज्या माणसाने मला थँक यू म्हटलं नाही, तो पाहुण्यासारखा माझ्या घरात राहायला लागला. मला फार वाईट वाटलं. ह्यांनी मला कधी चारचौघांत कमी लेखलं नव्हतं, आणि मी साडीच्या रागापायी ह्यांना चव्हाट्यावर बसवलं होतं. “चुकलं माझं” म्हणायला मी दोनदा समोर गेले. दोन्ही वेळा हे “गॅस बंद केलास का?” म्हणून उठून गेले.

वाडीच्या सत्यनारायणाला मुलाचं गाणं ठेवलं होतं. मी ठरवलं, तिथेच सगळ्यांसमोर ह्यांची माफी मागायची. एक गोड उखाणा रचला, त्यात ह्यांचं हस्ताक्षर घातलं, वाचनालय घातलं, एकही टाका वाकडा नाही. त्या संध्याकाळी हे शेवटच्या रांगेत खांबाआड बसले होते. मी हातात माइक घेऊन उभी राहिले आणि म्हटलं, “आज मी नवीन उखाणा घेणार आहे.”

“जुनाच! जुनाच!” वाडी ओरडली. मुलाने मला न विचारता बीट लावला. खटखट सुरू झाली, माझा सवयीचा पाय हलला आणि तोंडातून चांदीची वाटी निघाली. खट् आलं. इतर ठिकाणी बायका आपापल्या नवऱ्यांची नावं घालतात, पण ही आमची वाडी. सगळ्यांनी माना मागे वळवून एका सुरात ह्यांचं नाव ओरडलं.

हे उठले. मला वाटलं, गेले. आता घरी जाऊन बॅगच भरतात. पण हे रांगांमधून पुढे आले, पायरी चढले आणि मुलाच्या हातातला माइक घेतला. मुलाने बीट बंद केला. ह्यांनी खिशातून वाचनालयाचं एक जुनं कार्ड काढलं, चष्मा वर केला आणि त्याच्या पाठीवर लिहिलेलं वाचलं:

“अंगठीने तांदळात लिहिलं नवं नाव,
जुनं टाकू का, विचारलंच नाही राव;
झोपलो नव्हतो, ऐकत होतो मशीनचा आवाज…”

आणि चौथ्या ओळीत, “हिचं नाव घेतो, जुनंच, पहिल्यांदा आज,” म्हणून ह्यांनी माझं माहेरचं नाव घेतलं. सबंध, वडिलांच्या नावासकट.

टाळ्या वाजेनात, कारण हे नाव वाडीत कुणाचंच नव्हतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. भाजीवाल्याने आ वासला. समोरच्या वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला पुढच्या महिन्याभराच्या बातम्या दिसल्या. त्या पुढे वाकून दबक्या आवाजात म्हणाल्या, “अहो ताई, कोण ही बाई?”

“मी,” मी म्हटलं. माझ्या हातातला माइक चालूच होता, म्हणून ते सगळ्या वाडीला ऐकू गेलं.