टिचकीमास्तरांनी कोरं केलेलं मशीन

टिचकीमास्तर म्हणजे कुठल्या शाळेचे मास्तर नव्हेत. डीजे लोक गाणी वाजवायला जे प्लेअर वापरतात ना, मधोमध थाळीएवढी चकती असलेले, त्यांच्या दुरुस्तीचं त्यांचं दुकान. पण गिऱ्हाईक नवा प्लेअर घ्यायला निघालं तरी आधी त्यांच्याकडे यायचं. मास्तर दोन मशीनं शेजारी ठेवायचे आणि दोन्हींच्या पाठीवर एकेक टिचकी मारायचे. मग चकती फिरवून कान लावायचे, बटणं डोळे मिटून दाबून बघायचे. जाहिरातीतल्या सोयींची यादी कुणी वाचायला लागलं की म्हणायचे, दुरून डोंगर साजरे, आधी चकती डुगडुगते का ते बघ. आणि खरं सांगायचं तर माणूस सहसा चुकत नसे.

त्यांची एकुलती एक लेक त्या दुकानातच वाढली आणि मोठी होऊन डीजेच झाली. दर शनिवारी एका हॉलमध्ये वाजवायची. बापाला कोण कौतुक! आईला मात्र हे कधी मुळीच रुचलं नाही. शिकूनसवरून लोकांच्या कानठळ्या बसवायच्या, हे कसलं काम, असं ती येईल-जाईल त्याला ऐकवायची. लेक तरी दर शनिवारी बूट घालता घालता सांगायची, आई, आज ये ना, एकदा ऐकून तर बघ. आई म्हणायची, आज नको, बघू पुढच्या वेळी.

लेकीला स्वतःचा प्लेअर घ्यायचा होता तेव्हा दोन मशीनं तीन दिवस दुकानात ठाण मांडून होती. एकाचा पडदा हा एवढा मोठा, रंगीत, वजनाला हलकं. पण वाजवलेलं रेकॉर्ड करायचं तर पेनड्राइव्ह लावावा लागे, मशीन स्वतः काही ठेवत नसे. दुसरं जडशीळ, वरून पत्र्याचं, पडदा चिमुकला. त्याची चकती मात्र केसभर हलत नव्हती, आणि रेकॉर्ड केलेलं सगळं त्याच्या आतच राहायचं. लेकीचा जीव पहिल्यावर होता. मास्तर हटून बसले.

"पेनड्राइव्ह खिशातून पडतो, पोरी," ते म्हणाले. "मशीन पडत नाही. पोटात ठेवलेलं पोटात राहतं."

लेक हसली. बाबा, माझ्यासाठी स्थळ बघायला गेलात तरी त्याच्या पाठीवर टिचकी माराल, म्हणाली. पण घेतलं बाबांच्याच पसंतीचं.

त्यानंतर दोन वर्षांनी तिला ताप आला. साधा ताप, अंगावर काढण्यासारखा. चौथ्या दिवशी होत्याचं नव्हतं झालं. मास्तर दुकान उघडून बसायचे, पण टिचकी मारायचं त्यांनी सोडून दिलं. कुठलं घेऊ विचारलं तर म्हणायचे, घ्या कुठलंही.

तिचं मशीन हॉलवरच राहिलं होतं. आठ महिन्यांनी तिथल्या व्यवस्थापकानं ते आणून दिलं. चालू होतंय, पण गाणं सुरू करायचं बटण गेलंय, म्हणाला. मास्तरांनी वायर जोडली. चिमुकल्या पडद्यावर यादी आली. एकोणीस रेकॉर्डिंगं. शेवटचं ताप यायच्या आधीच्या शनिवारचं. बटण मेलेलं, त्यामुळे वाजेना.

त्यांनी बायकोला बोलावून यादी दाखवली. तिनं ती बोटानं वरपासून खालपर्यंत मोजली.

"बोलते का ती यात?" तिनं विचारलं.

बोलते, मास्तर म्हणाले. दोन गाण्यांच्या मध्ये माइकवर काहीबाही बोलायची ती, लोकांची थट्टा करायची. बायको स्टुलावर बसली. तिला ऐकायचं होतं, सगळंच्या सगळं. उद्या दुपारी तीनला ये, मास्तरांनी सांगितलं, तोवर बटण बसवून ठेवतो, दोघं मिळून ऐकू.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मशीन उघडलं. आत धूळ होती, पण एकही सांधा निखळलेला नव्हता. बटण बदललं, चकतीला तेलाचा थेंब दिला, स्क्रू आवळले आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा पाठीवर टिचकी मारली. कसला भरीव आवाज आला! मास्तरांना भडभडून आलं. मनातल्या मनात ते लेकीशी बोलायला लागले. बघ, म्हटलं नव्हतं तुला? अजून दहा वर्षं हलायचं नाही हे.

ते बोलत राहिले आणि हात आपलं काम करत राहिले. तीस वर्षांची शिस्त होती त्या हातांची. दुरुस्त झालेलं मशीन कोरं करूनच परत द्यायचं, म्हणजे जुनी गडबड आत राहत नाही. दोन बटणं दाबून मशीन चालू करायचं. मशीन विचारतं, सगळं पुसू का? हो. नक्की? हो.

मग त्यांनी यादी उघडली. यादीत काही नव्हतं.

त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, चारदा. ओळखीच्या दोन कारागिरांना फोन केले. दोघांनी तेच सांगितलं, जे मास्तर स्वतः गिऱ्हाइकांना सांगत आले होते. या मशीनमधून पुसलं की गेलं. त्या हलक्या मशीनचा पेनड्राइव्ह असता तर तो कुठल्यातरी खणात सुखरूप पडून असता, हेही त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

बायको तीनच्या आधीच आली. केस नीट विंचरलेले, ठेवणीतले कपडे, गावाला निघाल्यासारखी. स्टुलावर बसली आणि हेडफोन मांडीवर घेतला. मास्तरांनी मान वर केली नाही.

"मी पुसलं गं सगळं," ते म्हणाले. "मशीननं मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हो म्हणालो."

ती रडली नाही, ओरडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तिनं मशीनवरून हात फिरवला, चकतीवरून, नव्या बटणावरून.

"तुम्हाला दोनदाच विचारलं," ती म्हणाली. "मला तर ती दर शनिवारी विचारत होती."

तिनं हेडफोन कानांवर चढवला, दोन्ही हातांनी दाबून धरला आणि डोळे मिटले. मशीन चालूच होतं. आत काही नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. ती ऐकत बसली आणि मास्तरांनी ते बंद केलं नाही.