नाव टाकलेला मायक्रोवेव्ह

उदगीरमध्ये कुणाच्याही घरी पाणी प्यायला गेलात आणि रिकामा तांब्या जरा निरखून पाहिलात, की काठाखाली रामलिंग भेटतो. त्याचं नाव नव्हे, त्याचं अक्षर. 'चि. सौ. कां. शिवकन्या हिस धाकट्या मामाकडून सप्रेम भेट.' सगळं बारीक ठिपक्याठिपक्यांत, आणि 'सप्रेम'मधली मात्रा अशी उडालेली, की मामाचं प्रेम तांब्यातून बाहेर सांडायला आलंय असं वाटावं.

ईश्वरप्पांच्या भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर रामलिंग छत्तीस वर्षं बसला. समोर एक फुटका चौरंग, हातात नाव टाकायचं मशीन, आणि दिवसभर टर्रर्र, टर्रर्र. लग्नसराईत माणसं त्याच्यापुढे रांगा लावून उभी राहायची. आहेर करणाऱ्यांच्या हौशीला तर पारच नसायचा. एकानं हळदीकुंकवाच्या चमच्यावर स्वतःचं नाव, गाव, 'माजी सरपंच' आणि 'सहपरिवार' एवढं मागितलं होतं. रामलिंगनं ते बसवलं. चमच्यात कुंकवाला जागा राहिली नाही, तो भाग वेगळा.

भाऊ वेगळे झाले की भांडी त्याच्या अक्षरावरून वाटली जायची. दोन जावा एका पातेल्याला दोन्हीकडून धरून ओढायला लागल्या, की म्हातारी माणसं म्हणायची, "वाचा की. रामलिंगचं अक्षर हाय, खोटं बोलत न्हाई." रामलिंग स्वतः कुणाकडे जेवायला बसला, की जेवण बाजूला राहायचं आणि तो आधी ताट वाचायचा. त्याची बायको गौरम्मा कोपरानं ढोसायची. "जेवा की आता. ताट हाय का पेपर?"

असा हा माणूस. त्याच्या आयुष्यात मायक्रोवेव्ह आला.

आता न्यायानं बोलायचं, तर मायक्रोवेव्हनं कुणाचं काय वाईट केलं? दुधापुढे पहारा देण्यातून बायकांची सुटका केली. पापड तेलाशिवाय फुलवले, शेंगदाणे दोन मिनिटांत खमंग केले. थंड वरणाकडे पाहून "गरम करून दे" असं बसल्या जागेवरून ओरडणारे अस्सल मराठवाडी नवरे त्याच्यासमोर उभे राहून स्वतःच्या हातानं बटणं दाबू लागले, आणि टिंग वाजलं की काही पराक्रम केल्यासारखे वाटी घेऊन निघू लागले. हे काम करायला पिढ्या लागल्या असत्या. अशा गुणी यंत्राची आरती ओवाळायला हरकत नव्हती. त्याची एकच अट होती. आत स्टील चालत नाही.

हे रामलिंगला पहिल्यांदा कळलं, तेव्हा त्याला कुणीतरी जातीवरून बोलल्यासारखं लागलं. "चालत न्हाई म्हंजे? कालपर्यंत चालत होतं की!"

पण चालत नव्हतं. बायका स्टीलची भांडी मोडीत घालून काचेचे बाऊल नेऊ लागल्या. ईश्वरप्पांनी दुकानाची दर्शनी फळी काचेला दिली आणि स्टील मागं गेलं. रामलिंगनं एका काचेच्या बाऊलवर नाव टाकून पाहिलं. 'सौ.' झाल्याबरोबर त्याचे दोन बाऊल झाले. प्लास्टिकवर टाकून पाहिलं, तर अक्षराऐवजी पुरळ उठलं.

मग ईश्वरप्पांनीच त्याला नवं काम काढून दिलं. मोडीत आलेली धड भांडी पॉलिश करून खेड्यापाड्यांत विकायची होती, आणि त्याआधी त्यांच्यावरची नावं घासून काढायची होती.

"तूच टाकलीस, तूच काढ," ईश्वरप्पा म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. "खाच किती खोल हाय ते तुझ्याशिवाय कुणाला ठाव?"

रामलिंग चाकापुढे बसून स्वतःचं अक्षर घासू लागला. मामा गेले, माजी सरपंच गेले. गौरम्मा तर त्याआधीच गेली होती, तीन वर्षांमागं, तापाचं निमित्त होऊन.

अशात एका दुपारी नांदेडहून त्याच्या मुलीचा, अंबिकाचा फोन आला. तिनं आणि जावयानं, रविकिरणनं, नवा फ्लॅट घेतला होता.

"अप्पा, वास्तुशांतीला दोन दिवस आधी या. आणि भांडं आणू नका बरं का. ठेवायला जागाच न्हाई."

"आणि लग्नातली एक्कावन्न?"

"हायत की. पोत्यात घालून माळ्यावर ठेवलीत. तोंड चांगलं शिवलंय, धूळ जाऊ न्हाई म्हणून."

ती एक्कावन्न भांडी रामलिंगनं महिनाभर दुकान बंद झाल्यावर बसून केली होती. गौरम्मा डावीकडे बसून एकेक पुढे करायची आणि पदरानं पुसून बाजूला ठेवायची. लोकांची भांडी त्यानं पोटासाठी केली होती, ही लेकीसाठी. उदगीरमधल्या सगळ्या घरांतून आपलं अक्षर पुसलं गेलं तरी नांदेडच्या एका ओट्यावर ते रोज हाताखाली असेल, या समजुतीवर तो दिवस काढत होता.

"मग काय आणू गं?"

"काही नको. तुम्ही या, बस्स. सासूबाई म्हणत होत्या, सगळ्यांकडं मायक्रोवेव्ह हाय, आपल्याकडंच न्हाई. पण ते आम्ही घेऊ सावकाश."

फोन ठेवता ठेवता रामलिंगनं ठरवलं. भांड्यात बसून लेकीच्या स्वयंपाकघरात जाता येत नसेल, तर शत्रूच्या खांद्यावर बसून जायचं. एकच वस्तू, पण रोजच्या वापरातली आणि आपल्या अक्षरातली. त्यानं पोस्टातली पुंजी मोडली आणि विजेच्या वस्तूंचं दुकान गाठलं.

दुकानातल्या पोरसवदा विक्रेत्यानं मायक्रोवेव्हचं दार उघडून दाखवलं. रामलिंगनं आत डोकावून पाहिलं, मग बोटानं टकटक केलं. छत्तीस वर्षांचा कान फसत नाही.

"हे तर स्टील हाय."

"हाव काका, आतून पूर्ण स्टील बॉडी. गंजत न्हाई."

"आन् आत स्टील चालत न्हाई म्हणतोस?"

"न्हाई चालत."

"आत सगळं स्टीलच हाय, आन् आत स्टील चालत न्हाई."

विक्रेत्यानं मान डोलावली. त्याला हे रोज सांगून सांगून खरं वाटू लागलं होतं. रामलिंगच्या मनात मात्र त्याच क्षणी मायक्रोवेव्हबद्दल पहिल्यांदा माया उत्पन्न झाली. वरून रंग फासलेला असला, तरी आतून तो आपल्यातलाच होता!

रामलिंग ओट्यावर खोकं उघडू लागताच ईश्वरप्पा धावत आले. "आरं, विजेचं यंत्र हाय ते. त्येला कुणी नाव टाकतंय का?"

"अण्णा, फ्रीजला टाकलंय मी. कूलरला टाकलंय. तीन मामांनी मिळून पंखा दिला होता, तर तीन पात्यांवर तिघांची नावं टाकली. आजून भांडण न्हाई."

बाहेरून रंगाचे पोपडे निघाले असते. दाराला काच होती, आणि काचेचा अनुभव ताजा होता. राहिली आतली मागची भिंत. ती कशी होती? गुळगुळीत, चकचकीत, थेट दारासमोर, आणि वर दिवा! नाव टाकायला याहून चांगली जागा रामलिंगनं जन्मात पाहिली नव्हती. त्यानं आतली काचेची ताटली काढली, मशीनसकट हात आत घातला, पाठोपाठ डोकंही आत घातलं, आणि दोन तास उदगीरच्या बाजारानं कमरेपासून खालचाच रामलिंग पाहिला.

'चि. सौ. अंबिका हिस वास्तुशांतीनिमित्त अप्पा व लिं. आई यांजकडून सप्रेम भेट.' गेलेल्या माणसाच्या नावाआधी लिंगायतांत 'लिं.' लावतात, ते लावताना त्याचा हात जरा थांबला. पण अक्षर असं उतरलं, की तसं त्याच्या हातून आजवर उतरलं नव्हतं. आणि रोज नावं घासणाऱ्या त्या माणसानं या वेळी मशीन मुद्दाम दाबून धरलं. पुढे कुणी किती घासलं तरी निघू नये, इतकं खोल.

कंधारमार्गे जाणाऱ्या एसटीत त्यानं खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. नांदेडला पोचेपर्यंत मांड्या बधिर झाल्या होत्या आणि चेहरा फुलला होता.

वास्तुशांती झाली, स्वामींची पूजा झाली, पंगती उठल्या. मग बायकांनी स्वयंपाकघरात गर्दी केली. अंबिकाच्या सासूबाई, साखराबाई, कौतुकानं आणि थोड्या संशयानं खोक्याकडे पाहत म्हणाल्या, "पाव्हण्यांनी लईच भारी आणलं की! आम्हाला वाटलं, तांब्याच असंल."

"तांब्याचा जमाना गेला आता, इहीणबाई," रामलिंग म्हणाला. हे वाक्य त्यानं बसमध्ये पाठ केलं होतं.

रविकिरणनं मायक्रोवेव्ह ओट्यावर ठेवून प्लग लावला. अंबिकानं नव्या काचेच्या बाऊलमध्ये पूजेची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, घातली, बाऊल आत ठेवला, दार लावून बटण दाबलं. आत दिवा लागला, ताटली फिरू लागली, आणि मागच्या भिंतीवर ठिपक्याठिपक्यांचं सोनेरी अक्षर उजळलं.

"अगंबाई, काहीतरी लिवलंय!" साखराबाई वाकल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या. "चि. सौ. अंबिका हिस..."

सगळे वाकले. अंबिका मनातल्या मनात वाचत 'लिं. आई'पर्यंत आली. तिनं वळून बापाकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरले. रामलिंगला आयुष्यात जे हवं होतं ते एवढंच, आणि ते त्याला पुरे सात सेकंद मिळालं.

आठव्या सेकंदाला 'हिस'मधून ठिणगी उडाली. मग 'वास्तुशांती' कडकडली. निळ्या उजेडात एकेक ठिपका पेटत ओळ पुढे सरकली. दिवाळीतलं काही असतं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. 'सप्रेम'ची मात्रा फाडकन फुटली, धूर आला, आणि अख्ख्या फ्लॅटची वीज गेली. पंखे फिरायचे थांबले.

त्या शांततेत साखराबाई म्हणाल्या, "बाई बाई! सप्रेम भेट म्हणायचं का ह्येला?"

पाहुण्यांत हसू फुटलं ते आवरेना. रामलिंगही हसला. हसण्याशिवाय तोंडाचं दुसरं काही करता येत नव्हतं.

दुपारी मेकॅनिक आला. त्यानं बॅटरी मारून आत पाहिलं. "हे कुणी कोरलंय?"

सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं.

"आत सगळं स्टीलच हाय म्हणून..." रामलिंग म्हणाला.

"गुळगुळीत हाय तोवर चालतंय, काका. खाचेला टोकं आली की ठिणग्या पडतेत. तुम्ही तर किती खोल टाकलंय! ह्ये मशीन गेलं आता. गॅरंटीपण गेली."

रविकिरण भला मुलगा. "जाऊ द्या मामा, आम्ही दुसरा घेऊ, हप्त्यावर." त्याच्या भलेपणानं जे मेलं, ते साखराबाईंच्या बोलण्यानं नुसतं जखमी झालं होतं.

निघायच्या आधी अंबिका त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. "अप्पा, नाव टाकल्याबिगर देताच येत न्हाई का तुम्हाला? आता जन्मभर ऐकायचंय मला ह्या घरात."

"नाव न्हाई टाकलं, तर देणाऱ्याचं काय राहतं गं मागं?"

अंबिकाला रागही धरवेना. खिडकीबाहेर पाहत ती हळूच म्हणाली, "जाताना ते माळ्यावरचं पोतं नेता का? ईश्वरअण्णा मोडीत घेतील. त्येच्यात काचेची भांडी येतील. नव्या मायक्रोवेव्हला लागतील की."

मोठी पिशवी असली तर बाजारातून कांदेही आणा, असं सांगावं इतक्या साधेपणानं ती हे बोलली. रामलिंगनं पोतं उचललं. जिन्यात त्यातली भांडी वाजत होती.

उदगीरच्या ओट्यावर त्यानं पोत्याची शिवण उसवली. ईश्वरप्पांनी वरची परात हातात घेतली, वाचली आणि हळूच खाली ठेवली. "येखादं ठेव तुला."

"एकट्याला किती लागतेत, अण्णा?"

त्यानं चाक सुरू केलं. दोन दिवस लागले. तेव्हाचा त्याचा हात तरणा होता आणि दाब पक्का, त्यामुळे अक्षरं चिवट होती. एकेका भांड्यावर 'अंबिका' जायला चहा निवेल इतका वेळ लागत होता. शेवटचं पातेलं पुसायला त्यानं सवयीनं डावीकडे पुढे केलं. तिकडे कुणी नव्हतं. मग त्यानं ते स्वतःच पुसलं आणि ढिगात ठेवलं.

बदल्यात आलेले काचेचे बाऊल ईश्वरप्पांनी पेंढा घालून खोक्यात भरून दिले. स्टँडवरच्या पार्सलच्या खिडकीशी कारकुनानं त्याच्यापुढे जाड मार्कर टाकला. "नाव घाला."

रामलिंगनं मार्कर धरला. पेनानं लिहायची सवय शाळेबरोबरच सुटली होती. रेघ कशी ओढायची ते हाताला आठवेना. हात ठिपकेच देत गेला. टुक, टुक, टुक. 'चि. सौ. अं...' शाई पसरून ठिपके एकमेकांत मिसळले.

"काका, हे काय टिपके देऊन ठेवायलाव?" कारकून वैतागला. "वाचायचं कुणी?" त्यानं खोकं पालथं केलं, मार्कर काढून घेतला आणि कोऱ्या बाजूवर स्वतःच लिहायला लागला. "नाव सांगा."

"अंबिका रविकिरण... त्येच्याआधी चि. सौ. घाला."

"ते लागत न्हाई. पत्ता?"

रामलिंगनं पत्ता सांगितला. तो झाल्यावर खिडकीच्या गजांना धरून तो नीट उभा राहिला. "आता पाठवणाऱ्याचं लिहा. अप्पा व लिं...."

"पाठवणाऱ्याचं नाव लागत न्हाई, काका. नुसता मोबाईल नंबर द्या."

मागं रांग वाढली होती. रामलिंगनं नंबर सांगितला.