वरून ठोका, खालून कान

आमचा दोधू जमिनीवर असला की नुसता जीव खातो. चहा अर्धा टाकून उठेल, ओट्यावरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर, पायाला भिंगरी लावल्यासारखा. झाडावर चढला की मात्र गडी शांत. म्हसावदपासून शहाद्यापर्यंत घरालगतचं झाड काढायचं असलं की लोक माझ्या ह्या धाकट्या भावालाच बोलावतात. दोर खालून मी धरते. बाईमाणसाच्या हातात दोर कशाला, असं विचारणारे खूप आहेत. त्यांच्या हातात दिला तर ते मोबाईलवर बोलत बसतील!

घरालगतचं झाड एकदम पाडता येत नाही, वरून तुकडे करत यावं लागतं. दोधूच्या कमरेचा दोर वरच्या बेचक्यातून खाली येतो, त्याचे बुंध्याला दोन वेढे देऊन टोक माझ्या हातात. तो पुढे सरकला की मी ढील देते. नव्या फांदीवर पाय ठेवण्याआधी तो कुऱ्हाडीच्या पाठीनं तिला ठोकतो. टणक वाजली तर भरीव, ढब वाजली तर आतून खाल्लेली. आमच्या बापाची शिकवण ही.

दिवाळीनंतर माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. मागून हाक मारली तर दोधू वळेना. समोर जाऊन बोललं तर अंगावर येई, ओरडतेस कशाला म्हणून. टीव्ही एवढा मोठा लावायचा की शेजारच्या घरात बातम्या कळाव्यात. इतकी वर्षं फांद्या कापायची कटरची मशीन कानाशी धरलेली, दुसरं काय होणार? पण विचारायची माझी छाती होईना.

पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यातल्या हेमकांतभाऊंच्या घरावर वाळका शिरीष झुकला होता. त्यांची बायको चारुलता सकाळपासून आतबाहेर करत होती, कधी पत्र्याकडे बघे, कधी टाकीकडे. तिच्यापेक्षा माझा जीव जास्त खालीवर होत होता. दोधूनं दोन फांद्या नीट उतरवल्या. पत्र्याकडची तिसरी ठोकली.

ढब.

मला खाली स्पष्ट ऐकू आलं. दोधूनं भरीव समजून मान डोलावली, कुऱ्हाड कमरेला खोचली आणि पाय पुढे टाकला.

मी हाक मारली. मशीन बंद होती, वारा नव्हता, तरी त्यानं खाली बघितलं नाही. मग मी दोर आवळला आणि तिसरा वेढा दिला. त्याला पुढे सरकता येईना. वरून शिव्या सुरू झाल्या, आईबापाचा उद्धार झाला. त्याचे आईबाप तेच माझे, हे भान कुठलं राहतंय! हेमकांतभाऊसुद्धा म्हणाले, सोडा की मावशी. मी नाही सोडला. रागाच्या भरात दोधूनं फांदीला लाथ घातली, तशी ती बुडातून तुटली आणि पत्र्याची कड घेऊन कंपाउंडवर आदळली. आतून भुसा सांडला.

दोधू उतरला. पाणी प्यायला. मला एवढं रडू आलं, आणि एवढा राग, की आधी एक थप्पड मारावी की जवळ घ्यावं कळेना. त्याच्या समोर बसून विचारलं, "तुले ऐकू येत नही ना?"

त्यानं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, दिवाळीत फटाके लांब कुठेतरी वाजल्यासारखे वाटले, तेव्हाच कळलं. मला सांगितलं असतं तर मी त्याला चढू दिलं नसतं, म्हणून बोलला नाही. "खाले बठीसन मी काय करू, आक्का?"

चढू नको म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण शिरीष अर्धा उभा होता, आणि हा बसल्या जागी पाय हलवत होता.

दोर कमरेला बांधता बांधता तोच म्हणाला, "तू ऐक. मी ठोकस."

तेव्हापासून असंच चालतं. तो ठोकतो आणि खाली बघतो. मी हात वर केला तर पाय टाकतो, नाहीतर नाही.

मी दोधूपेक्षा सहा वर्षांनी मोठी. आता पहाटे जाग आली की डोळे मिटूनच पडून राहते. कोंबडा ऐकू येतो का, लांबचा उसाचा ट्रॅक्टर ऐकू येतो का, ते बघते, आणि मगच उठते.