महालक्ष्म्यांचा स्वयंपाक कोणी केला?

वैजयंतीबाईंना खोटं बोलायची सवय नव्हती. पण महालक्ष्म्यांच्या जेवणाबाबत त्या अख्ख्या गोतावळ्याशी धडधडीत खोटं बोलल्या, आणि तेच खोटं क्लेम कोर्टात त्यांच्या अंगाशी आलं.

त्याआधीच्या वर्षी भाजी घेऊन परतताना एका लोडिंग गाडीनं त्यांना उडवलं होतं. उजव्या मनगटात रॉड घालावा लागला. हाडं जुळली, पण बोटांत जोर काही आला नाही. चमचा धरता येई, पोळी लाटता येत नसे. दुसरं ऑपरेशन केलं तर फरक पडेल, असं डॉक्टर म्हणाले. त्याचा खर्च घराच्या आवाक्याबाहेरचा होता. म्हणून गाडीच्या विमा कंपनीवर दावा लावलेला. कंपनीच्या वकिलाचं उत्तर तयारच होतं: बाई घरी असतात, कमावत नाहीत, मग नुकसान कसलं? घ्या! अमरावतीहून लग्न होऊन या हिंदी मुलखात आल्यापासून या बाईंनी सासूचं दुखणं काढलं, दोन लेकरं वाढवली, नवऱ्याचा डबा एक दिवस चुकू दिला नाही, आणि कागदावर काय, तर कमाई शून्य.

नवरा श्रीकांतराव. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या युनिटमध्ये सुपरवायझर म्हणून जात. अपघातानंतर काही महिन्यांनी गुडघे दुखतात म्हणून घरीच बसले. बाईंना राग येई. पैशांची ही अशी ओढाताण आणि हे आपले घरात! ‘‘गुडघे काय जगात तुमचेच दुखतात का?’’ असं त्या येताजाता ऐकवत. श्रीकांतराव ऐकून घेत आणि कणीक तिंबायला बसत. आयुष्यात पाण्याचा पेला हातानं न घेतलेला हा गडी, पण शिकला बापडा. सुरुवातीला भाजीत मीठ दोनदा पडे आणि वरणात एकदाही नाही.

मग भाद्रपद आला. वैदर्भी घरात महालक्ष्म्या म्हणजे थट्टा नव्हे. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, कढी, वडे, आणि सगळं सोवळ्यात, घरच्या बाईच्या हातचं. ‘‘या वर्षी साधंच करू,’’ असं श्रीकांतराव म्हणून पाहत होते. ‘‘सासूबाईंपासून चालत आलंय, माझ्या हाती मोडायचं नाही,’’ बाई म्हणाल्या. शेवटी श्रीकांतराव पहाटे आंघोळ करून, सोवळं नेसून ओट्यापुढे उभे राहिले. बाई स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या. पुरण बिघडलं, पहिल्या चार पोळ्या फाटल्या, पण पानं वाढायच्या वेळेला सगळं तयार होतं. पाहुणे यायच्या आत बाईंनी त्यांना कुर्ता घालून बाहेरच्या खोलीत पिटाळलं आणि स्वतः पदर खोचून डाव्या हातात पळी घेतली. नवऱ्याला महालक्ष्म्यांचा स्वयंपाक करायला लावला, हे कुणाला कळलं तर? छे, छे! सगळ्यांनी तारीफ केली, बाईंनी मुकाट घेतली.

त्या दिवशी सर्वांत जास्त पोळ्या खाल्ल्या तुलसी नगरच्या रजनीताईंनी. बाईंची जिवाभावाची मैत्रीण, म्हणून साक्षीलाही त्याच आल्या. वैजयंतीबाई आधी किती राबायच्या, एवढंच त्यांनी सांगायचं होतं. पण मैत्रिणीचं कौतुक करायची संधी मिळाली आणि ताईंचं तोंड सुटलं. ‘‘साहब, ये तो साक्षात अन्नपूर्णा हैं! इस साल भी, टूटे हाथ से महालक्ष्मी का पूरा खाना अकेले बनाया!’’

झालं! कंपनीचा वकील खुर्चीतून उठला तो हसतच. हात चालतो तर दावा कशाचा? बाईंचा तरुण वकील अमित डोक्याला हात लावून बसला. आपण काय करून बसलो, हे रजनीताईंना अजून उमगलंच नव्हतं. त्या समाधानानं हसत होत्या.

वैजयंतीबाईंची पंचाईत झाली. खरं सांगावं तर चारचौघांत लाज. गप्प बसावं तर हात कायमचा गेला. त्या उठल्या. ‘‘मी नाही केला, साहेब. यांनी केला,’’ असं हिंदीत म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या.

श्रीकांतराव साक्षीदार म्हणून बाहेर थांबलेले. त्यांना आत बोलावलं. स्वयंपाक कोणी केला, असं विचारताच त्यांनी घरातल्या ठरावाप्रमाणे ठोकून दिलं, ‘‘इन्होंने ही बनाया, साहब.’’

‘‘अहो, खरं सांगा! मी सांगून बसले!’’ बाई मागून ओरडल्या.

न्यायाधीशांनी बाईंना बसवलं आणि श्रीकांतरावांना शपथेची आठवण करून दिली. तेव्हा त्यांनी कबूल केलं, हो, आपणच केला. रोजचाही आपणच करतो. कंपनीच्या वकिलानं लगेच खोडा घातला, नोकरी करून हे कधी जमतं?

‘‘नोकरी सोडली.’’

‘‘गुडघ्यांमुळे ना?’’ वकिलानं बाईंच्याच जबानीतलं कारण पुढे केलं.

‘‘नाही साहेब. ते हिला सांगायला. गुडघे ठणठणीत आहेत. दोन्ही जमेना, म्हणून सोडली.’’

बाहेर आल्यावर बाईंनी नवऱ्याची बाही धरली. ‘‘मला का नाही बोललात? मी रोज तोडून बोलत होते तुम्हाला!’’

‘‘सांगितलं असतं तर तू त्याच हातानं पोळपाट ओढला असतास,’’ श्रीकांतराव म्हणाले. बाईंना रागही आला आणि भरूनही आलं.

निकाल उन्हाळ्यात लागला. श्रीकांतरावांनी जो पगार सोडला, तेवढी बाईंच्या घरकामाची किंमत न्यायाधीशांनी धरली आणि भरपाई त्यावर बसवली. ऑपरेशनची सोय झाली. रजनीताई पेढे घेऊन अमितच्या ऑफिसात हजर.

बाईंनी निकाल त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला. मग म्हणाल्या, ‘‘हे हात गेल्यानंतरचं झालं. त्याच्या आधी इतकी वर्षं घरचं सगळं केलं, त्याचं काय?’’

अमित हसला. ‘‘उसका केस नहीं बनता, आंटीजी. उसमें आपका नुकसान कहाँ हुआ?’’

रजनीताईही हसल्या. श्रीकांतरावांनी मात्र मान खाली घातली.