दुसरा माईक

लातूरच्या माझ्या स्टुडिओत तो सहा वर्षं दर मंगळवारी दुपारी विनोदी पॉडकास्ट करायला येतो. पूर्वी तमाशात मावशी व्हायचा. इथं त्याला कुणी बघत नाही, तरी नऊवारी नेसूनच बसतो. "लुगड्याबिगर मावशीचा आवाज निघत न्हाई," म्हणतो.

त्याचा जोडीदार, दुसरी मावशी, पोळ्याच्या आधी वारला. तरीही हा दुसरा माईक लावायला सांगतो. त्या माईकपुढच्या रिकाम्या खुर्चीला चिमटा काढतो, थांबतो, पदर तोंडाला लावून हसतो, मग उत्तर देतो.

एकदा मी रेकॉर्डिंगमधल्या त्या मोकळ्या जागा कापून टाकल्या. ऐकून तो शांतपणे म्हणाला, "तिचं बोलणं कशाला कापलंस?"

आता कापत नाही. परवा तो तसाच थांबला, आणि त्याच्याआधी मीच हसलो.